सुप्रियाचं धनुष्य

न्हाई न्हाई, धनुष्याला दोरी चढवू नका पाव्हनं — आदी हितं बघा, खालच्या पात्याच्या कडंला. दिसत न्हाई ना? डोळ्याला दिसायचंच न्हाई ते. ह्यो लोकरीचा पुंजका घ्या आन् फिरवा कडंवरनं, हळू — हां. आता कुठं आडकत न्हाई. पयल्यांदा हितंच लोकरीचा धागा आडकत हुता. आत लाकूड असतंय, आन् दोन्ही अंगाला काचंच्या दोऱ्यांचा थर, फायबर म्हनत्यात — त्यातलं एक कुसळ उचलल्यालं. बोटानं चाचपाल तर बोटात घुसंल. सुप्रिया कापसानं बघायची. आमी धनगर, आमच्याकडं लोकर. बसा की. तुमच्या भोंगवलीवरनं गुंजवण्यापातूर गाडी, आन् म्होरं ही चढन — दमला असाल. कोरा च्या हाय, दूध न्हाई.

कसं झालं म्हनता? बोकडानं धडक दिली, खुंटीवरनं खाली जात्यावर पडलं. तिनं निरोप धाडल्याला — मोडलं असंल तर टाकून द्या. टाकून काय द्या? भेग उभी हाय, काचंच्या दोऱ्यासंगट चालल्याली. आडवी असती तर म्या तुमाला हात लावू दिला नसता, वढताना तुटून तोंडावर येतंय. उभ्या भेगंचं काय न्हाई. येल्ह्याच्या बाजारातनं दोन नळ्यांचा गोंद आनला, दोन्ही नळ्यांतला सारखा घिऊन कालवला, टाचनीनं भेगंत सारला, वरनं दोरा गुंडाळला घट्ट. वाळल्यावर पान्यात भिजवून बारीक कागदानं घासलं — कोरडं घासायचं न्हाई, ती काच छातीत जाती. समदं तिनंच दावल्यालं. कँपातली धनुष्यं ती घरी आनायची दुरुस्तीला, आन् म्या असा समोर बसायचो, दोरा धरून.

तो कँप धरनाकडंला, शहरातली पोरं येत्यात तिथं, त्यांना नेम धरायला शिकवायची. माझा पोरगा सिद्धनाथ, तिचा नवरा, गेला तवाबी तिनं ते सोडलं न्हाई. घाटात टेम्पोनं उडवला त्याला — तुमाला म्हाईतच हाय. सारजा, त्याची आई, त्याच्या आदीच गेल्याली. मग घरात आमी दोघंच. म्या मेंढरांमागनं यायचो, ती कँपातनं यायची, आन् मागं त्या पेंढ्याच्या भाऱ्यावर दिवस बुडूस्तवर बान मारायची. लई बोलायची न्हाई. पर घरात मानूस हाय एवढं कळायचं.

लोकं? बोलली की. एका छपराखाली सासरा आन् तरनी सून. पर लोकांसाठी न्हाई म्या तुमच्या दारात आलो. एकदा ती चुलीम्होरं बसल्याली बघितली, आन् वाटलं, ही हितंच म्हातारी हुनार. म्हून तिच्या भावाला घिऊन तिच्या लग्नाचं इचारायला आलो. तुमी गोठ्यातनं हात धुवून सोता पानी आनलं — तवाच म्या म्हनलं, हे घर चालंल. तिला सांगितलं तवा ती उठून मागं बान मारीत बसली. मग म्हनली, “मामा, मी गेले तर भाकरी कोन करील?” म्हनलं, “मला येती.” कुठं येती, अजून करपती.

तुमच्या दोघांच्या पाटाला नवं धोतर आनलं हुतं म्या. आदल्या दिशी तुमच्या आईचा निरोप आला, पयल्या घरचं मानूस मांडवात नको. बरुबरच हाय त्यांचं, रीत असती येकेक — काय? तुमाला म्हाईत नव्हतं? मग — ऱ्हाऊ द्या. बोलून गेलो. तुमी घरी जाऊन काय इचारू नका. च्या घ्या, निवतोय.

ते बान? त्या भाऱ्यातलं? ते जुनं हायती. तिच्या टायमाचं — बरं, न्हाईती जुनं. म्या मारतो. गोंद पक्का झाला का बघायला म्हून एक मारला. मग दुसऱ्या दिशी आनिक एक. दोरी वाजली की ते कुत्रं उठून वाटंकडं पळतंय, टेकाडापातूर जातंय, उभं ऱ्हातंय, मग परत येतंय. त्याला कळत न्हाई. मला कळतंय, तरी म्याबी बघतो तिकडं.

आता तुमी न्या. पयलं आठ दिस थोडं थोडं वढायचं, एकदम गालापातूर न्हाई. दोरी उतरून ठिवायची. उन्हात गाडीवर बांधून ठिवू नका, गोंद सुटतोय. आन् तिला मारू द्या बान, पाव्हनं. घरामागं जागा असंल तेवढी. तिला त्याबिगर झोप लागत न्हाई —

काय करताय? मोबाईल? न्हाई, लावू नका तिला. रेंज हाय, पर लावू नका. माझा आवाज ऐकला की ती “मामा” म्हनंल, आन् तुमच्या आईम्होरं तिच्या डोळ्याला पानी येईल. कशाला? नांदतीय नव्हं ती? हसती का? — बास मग. ठिवा तो खिशात. तिला सांगा, मामा घरी नव्हतं, मेंढरं घिऊन वर गेल्यालं. धनुष्य वट्यावर हुतं, उचलून आनलं म्हना.

उठा आता. अंधार पडायच्या आत उतार सोडा. जावा.