मागच्या चाकातली हवा

माहं नाव पुंडलिक, राहणार शेलूबाजार, शेती सव्वापाच एकर, त्यात सोयाबीन अन् तूर, वय लिहा त्रेपन्न, येत्या पोळ्याले चोपन्न होईन. तुमी कंपनीकडून टायरचं विचाराले आले, पण टायरचं सांगाचं तं आधी गाडीचं सांगा लागते, अन् गाडीचं सांगाचं तं शोभाचं सांगा लागते, मंग तुमी म्हणान हा माणूस भलतीकडंच चालला. नाही चाललो. रस्ता तोच आहे.

गाडी माह्या बापानं घेतली. साडेतीनशे सीसीची फटफटी, सगळी लोखंडी, बाजाराच्या त्या टोकाले चालू केली तं या टोकाले कळे की आमचा बुढा निंघाला. माह्या लग्नात बापानं चावी मले देली. शोभा म्हणजे माही बायको, माहेर तिचं आसेगावचं. पहिल्यांदा माहेरी नेली ते याच गाडीवर. बाकीच्या बाया कमरेले धरत, ही माह्या खांद्यावर हात ठेवे, डाव्या. मी म्हणो, काहून वं, मी काय बैल आहो? ते म्हणे, बैल असते तं वेसणच धरली असती. तो हात शेवटपर्यंत तिथंच राह्यला, कुठं गेलो तरी, बाजारात, शेतात, लग्नाकार्यात. तिचं वजन बासष्ट किलो. मले माहीत आहे, कारण मागच्या टायरात हवा त्या हिशोबानं भरा लागते. पुढच्या चाकात अठरा पौंड, मागच्यात एकट्याले अठ्ठावीस, दोघांले तीस. आमच्या मागच्या चाकात कधी अठ्ठावीस भरलीच नाही, ते नसली तं तिच्या जागी खताचं पोतं राहे.

काय सांगू तुमाले, लेकरू झालं नाही आमाले. अकोल्याले दाखवलं, नागपूरले दाखवलं, मंग दोघांनीबी एक दिवस ठरवलं की आता नाही दाखवाचं. मले त्याचं इतकं नाही वाटलं, पण तिले एका गोष्टीचं वाटे. आमच्याकडं रीत आहे, पोरीले लेकरू होईस्तोर मायबाप तिच्या घरचं पाणी पेत नाहीत. आता कोण पाळते म्हणा, पण माही सासू पाळे. सासूले मी मामी म्हणतो. मामी वर्षा दोन वर्षानं पोरीले पाहाले ये, येतानी फिरकीचा तांब्या भरून आणे, दिवसभर ओसरीवर बसे, आपल्या तांब्यातलं पाणी पे, अन् चारच्या यष्टीनं वापस. शोभा हासून म्हणे, माही माय पाणी घेऊन येते, जसं काही आमच्या विहिरीत मीठ टाकलं कोनी. हासून म्हणे, पण मामी गेल्यावर चूल पेटवाले तिले वेळ लागे.

मंग तिचं पोटाचं दुखणं निंघालं. गाडीवर बसनं होईना तं दवाखान्यात जीपनं नेलं, अन् गाडी तवापासून गोठ्यात जे उभी राह्यली ते राह्यलीच. जीपनं नेलं अन् जीपनंच आणलं. आता त्याचं जास्त नाही सांगत.

यंदा तिची पहिली अक्षय तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पुरणपोळीचं पान मांडतात. आठ दिवस आधी साळ्याचा फोन आला की माय म्हणते मले शोभाची घागर पाहाची आहे. मी म्हटलं जीप पाठवतो. तं मामीनंच फोन घेतला, म्हणे, जवाईबापू, माही पोरगी ज्या गाडीवर आली गेली त्या गाडीवर नेजा मले, नाही तं राहू द्या. मामीचं वय अठ्ठ्याहत्तर. साळा मागून ओरडून राह्यला की माय, पडशीन. मामी म्हणे, तू चूप, ते पडली का कधी?

गोठ्यात जाऊन गाडी पाह्यली तं इंजिनाले काही झालं नव्हतं, पण टायर गेले होते. एकाच जागी उभी राह्यल्यानं खालून चपटे झालेले, अन् बाजूनं भेगा, उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीले पडतात तशा. आमच्या इथले रहीमभाई गाड्या दुरुस्त करतात, त्यायनं भेगेत नख घातलं अन् म्हणे, पुंडलिकभाऊ, नक्षी बाकी है, रबर मर गया. बुजुर्ग को इस पे मत बिठाना.

मंग वाशीमले गेलो. दुकानदार पोरगेलाच होता, त्यानं आधी जाड टायर दाखवला, म्हणे काका, जुन्या गाडीले हा लावा, गाडी कशी भरल्यावानी दिसते. मी म्हटलं दिसाले नाही पाहिजे. आमच्या शेतरस्त्यावर चिखल लागते, जाड टायर लावला तं माती मडगार्डात गच्च बसते अन् चाक फिरतच नाही. टायर अन् मडगार्डात दोन बोटं जागा पाहिजे. जुन्या मापाचा, सव्वातीन एकोणीसचाच दे, समोर रेघांचा, मागं ठोकळ्यांचा. त्यानं काढला, मी बाजूचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. चार वर्षाचा निंघाला. म्हटलं हा कोरा आहे पण म्हातारा आहे, दुसरा काढ. तो हासला, म्हणे काका, तुमी पोरगी पाहाले आले का टायर?

मंग त्यानं विचारलं, एकटे चालवता का डबल सीट?

वर्षभर जो विचारे त्याले एकच सांगत आलो, घरात किती जण, एक. भाकरी किती, एकाच्या. म्हटलं, डबल. तो म्हणे, मागच्याचं वजन किती? हलकं असंन तं चार प्लायचा, म्हणजे चार थरांचा घ्या, मऊ चालते. जड असंन तं सहाचा घ्या, कडक राहते. अन् माह्या तोंडून निंघालं, बासष्ट. त्यानं सहा प्लायचा देला. टायर घेऊन वापस येतानी मालेगाव मागं पडलं, तवा ध्यानात आलं की मामी चाळीसबी भरणार नाही. आकड्यात मी चुकत नाही, पावतीवरची बेरीजबी दुकानदारासमोर करून पाहतो. तिथं चुकलो. वापस जाता आलं असतं. नाही गेलो. रहीमभाईनं टायरवरचा दिशेचा बाण पाहून चाक बसवलं, विचारलं, पीछे कितनी? म्हटलं, तीस.

अक्षय तृतीयेले उन्हाच्या आधी आसेगावहून मामीले बसवलं. साळ्यानं कमरेले धराले सांगितलं तं मामीनं हात उचलून माह्या खांद्यावर ठेवला, डाव्याच. कोनी सांगितलं नव्हतं. हात म्हणजे काय, वाळली काडी, पण मले पहिला गिअर टाकता नाही आला, गाडी बंद पडली. साळा म्हणे, पेट्रोल आहे ना?

कडक टायर अन् हलकं माणूस, मंग काय होते, प्रत्येक खड्ड्यात मामी उडे. मंगरूळपीरच्या अलीकडं थांबलो. म्हटलं, मामी, माहं चुकलं, टायर मी शोभाच्या वजनाचा घेतला, दोन-चार पौंड हवा सोडतो, थोडं मऊ होईन. नव्या टायरवर मामीनं हात फिरवला, जसा जनावराच्या पाठीवर फिरवतात. मंग म्हणे, राहू द्या जवाईबापू. तिची जागा आहे ते. मी बसतो तिच्यातच.

हवा नाही सोडली. हळू हळू आणलं.

घरी घागर भरली, पान मांडलं, नमस्कार झाला. मामीचा फिरकीचा तांब्या ओसरीवर, नेहमीच्या जागी. मी पाणी देलं नाही, वाढलंबी नाही, रीत माहीत होती. मामीनं घागर पाह्यली. मंग उठली, तांब्या उघडला, त्यातलं पाणी तुळशीत ओतलं, अन् भिंतीले धरत धरत आतमंधी माठाजवळ गेली. तिथं शोभाचा गिलास पालथा होता. तो सुलटा केला, भरला अन् उभ्यानंच पेली. आणखी एक भरला. म्हणे, गोड आहे हो पाणी. अन् तिथंच खाली बसली, रडली, तवा पहिल्यांदा रडली. मी बाहेर गाडीजवळ जाऊन उभा राह्यलो.

संध्याकाळी जातानी तांब्या आमच्याच माठातून भरून नेला. सोडून वापस आलो ते एकटाच, मागं कोनी नाही, तं गाडी लई उडाली. आता दर पंधरवड्याले रहीमभाईकडं हवा पाहतो. ते विचारत नाहीत आता, तीसच भरतात. त्यानं टायर मधातून लवकर झिजते, मले दिसून राह्यलं, पुढच्या उन्हाळ्यात बदला लागन. बदलू. सव्वातीन एकोणीस, सहा प्लायचाच.

तुमची गाडी कोणती आहे? मागं घरच्या बसतात ना? मंग त्यायच्या हिशोबानं भरजा हवा, आहेत तवर. देव दोघांलेबी ठेवो. अन् उठू नोका असे, पाणी पिऊन जा. माठातलंच आहे.