तात्याबाच्या दातांची तार

...आणि भाकरीचं काय करायचं, ते कुणी सांगितलंच नाही! म्हणजे बघा, डॉक्टर म्हणते कडक खायचं नाही, चिवट खायचं नाही, ऊस दातानं सोलायचा नाही, हाडूक फोडायचं नाही. आता बावन्न वर्षांचा, पाटोद्याच्या माळावर मेंढरं राखणारा माणूस, सकाळी फडक्यात बाजरीची भाकर आणि ठेचा बांधून घराबाहेर पडणार, त्यानं दुपारी खायचं काय, सांगा मला. शिरा? तर तुम्हाला सांगतो, आमच्या तात्याबानं तीन महिने माळावर बसून, कळपातल्या शेळीचं दूध तिथंच पिळून, त्यात भाकर कुस्करून खाल्ली, आणि शब्द काढला नाही. काढणार कुणापुढं? डॉक्टर घरचीच!

तुम्ही म्हणाल, बावन्नाव्या वर्षी दातांना तार? ही तर शाळेतल्या पोरांची गोष्ट. अहो, सगळा तालुका हेच म्हणत होता. तेव्हा पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही हसाल आणि भलत्याच ठिकाणी हसाल.

तात्याबाचे वरचे दात पुढं. थोडेथोडके नाहीत, चांगले ओठाच्या बाहेर येऊन बसलेले, आणि मधल्या दोघांत ही एवढी फट. त्या फटीतून तो शीळ घालायचा. बोटं लावायची गरज नाही, नुसती जीभ टेकवली की शीळ, ती या टेकडीवरून त्या टेकडीवर, आणि दीडशे मेंढरं एका दमात माघारी वळायची. दातांचं त्याला वाईट वाटलं असेल तर एकदाच, लग्नात. फोटोवाला म्हणाला, तोंड मिटा. हा म्हणाला, मिटलंय की. सगळा मांडव हसला, आणि तेव्हापासून चार माणसांत गेला की ह्याच्या पटक्याचा शेव, म्हणजे मोकळं टोक, तोंडावर. तीस वर्षं. सवयच पडली. छबुबाईलासुद्धा, म्हणजे त्याच्या बायकोला, नवरा मोकळेपणानं हसताना कसा दिसतो ते नीट ठाऊक नव्हतं.

आणि ह्याच घरात पोरगी निपजली ती दातांची डॉक्टर. आरोही. नाव शाळेच्या गुरुजींनी ठेवलेलं, डोकं तिचं स्वतःचं. आधी दातांची डॉक्टरकी शिकली, मग पुढं आणखी तीन वर्षं कशासाठी, तर म्हणे वाकडे दात सरळ करायला. आता तीन वर्षं शिकण्याइतकं त्यात काय असतं ते तात्याबाला कळत नव्हतं, पण बाजारात विचारलं की सांगायचा, ताठ मानेनं, शेवाच्या आडून.

पोरीनं मोठ्या शहरातली नोकरी सोडून पाटोद्यात स्टँडच्या मागं दवाखाना टाकला. उद्‌घाटनाला आप्पाराव. मोठा बागायतदार, पंचायतीच्या राजकारणात मुरलेला, फीत कापायची म्हटलं की तालुक्यात दुसरं नाव कुणाला सुचत नाही. फीत कापली, माईक घेतला, बोर्डाकडं बघितलं आणि म्हणाला, ‘डॉक्टरीणबाई, वाकडे दात सरळ करून मिळतील असं लिवलंय. मग वडलांपासूनच सुरुवात करा की.’

हसली की माणसं. पेढा हातात होता, तोंडात होता, तशीच हसली. तात्याबाही हसला, शेवाआडून. त्याला ते नवं नव्हतं. पण हसता हसता त्याचं लक्ष पोरीकडं गेलं. ती पण हसत होती, सगळ्यांकडं बघून, नीट. फक्त तिच्या हातात फितीच्या कात्रीची ताटली होती, आणि ती कात्री ताटलीत बारीक वाजत होती. ते एकट्या तात्याबाला ऐकू आलं.

दीड महिना गेला. दात काढायला माणसं आली, किडलेले भरायला आली, एक म्हातारा तर दाढ दुखते म्हणून आला आणि कान तपासून घेऊन गेला. पण तार? एक माणूस नाही. जिच्यासाठी पोरीनं डोळे फोडून तीन वर्षं काढली, ते सामान तसंच कपाटात. आणि बाजारात एक बोल फिरायला लागला, बापाचेच दात तसे, ती दुसऱ्याचे काय करणार. हे तात्याबानं स्वतःच्या कानांनी ऐकलं, मिरच्या घेताना. मिरच्या तिथंच ठेवल्या आणि सरळ दवाखान्यात जाऊन त्या कलत्या खुर्चीत बसला.

‘लाव मला.’

‘काय लावू, आबा?’

‘तार. भाईर लिवलीय ती.’

पोरगी आधी हसली, मग खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली. दोन वर्षं लागतील, म्हणाली. जागा करायला चार चांगले दात काढावे लागतील, दर महिन्याला तार आवळावी लागेल, हिरड्या आधी नीट करू, आणि तंबाखू बंद, एकदम बंद. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘आबा, कुणाच्या बोलण्यावरून करू नका.’

‘मी कावून कुणाचं ऐकू? माझी हौस हाय.’

हौस! चार दात उपटून घ्यायची हौस तुम्ही कुठं बघितलीय? पस्तीस वर्षांची तंबाखू. तुम्हाला सांगतो, चंची छबुबाईच्या हवाली केली आणि म्हणाला लपवून ठेव. तिनं ती ज्वारीच्या कणगीत लपवली. ह्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक, कणगीतच हाय. दोन महिने कणगीशेजारनं जाता-येता हात आपोआप वळायचा, आणि हा तो हात दुसऱ्या हातानं धरायचा. चिडायचं कुणावर? डॉक्टर घरचीच.

मग लागली तार. प्रत्येक दातावर एक चौकडा चिकटवलेला, त्यातनं तार ओवलेली, वर बारीक रबरं. पोरीनं हौसेनं दिसणार नाहीत अशी रबरं लावली, काचेसारखी. छबुबाईच्या कालवणातल्या हळदीनं चार दिवसांत ती पिवळीजर्द. पोरगी म्हणाली बदलू, तर हा म्हणाला राहू दे, भंडाऱ्याचा रंग हाय, वाईट काय त्यात.

दुखणं? अहो, पहिला आठवडा पाणी प्यायचं म्हटलं तरी दात मोजून प्यायचं. गालाला आतनं जखमा, ओठाला फोड. पोरीनं मेण दिलं होतं, टोचेल तिथं लावायला, पण उन्हात ते वितळायचं. आणि बोलणं! ‘स’ म्हणायला जावं तर ‘श’. छबुबाई म्हणायची, ‘आवो, शाखर मागताय का साखर, ते तरी कळू द्या.’ चहाच्या टपरीवर गहिनीनाथ, ह्याचा लहानपणचा सोबती, तोंडात डोकावून बघायचा, ‘तोंडात कुंपण घातलं का बे तात्याबा? आतली भाईर येऊ न्हाई म्हणून का भाईरची आत जाऊ न्हाई म्हणून?’

पण आता खरी गोष्ट ऐका. ज्या माणसानं तीस वर्षं तोंड झाकलं, तो बाजारात उघड्या तोंडानं फिरायला लागला. शेव खांद्यावर, मुद्दाम. गरज नसताना बोलायचा, कारण नसताना हसायचा. भाजीवालीला विचारायचा वांगी कशी दिली आणि दात दाखवायचा. घ्यायची नसायची वांगी. माणसं टकामका बघायची, पोरं मागं लागायची, आणि हा आपला चाललाय, चालता-बोलता बोर्ड. आतनं काय होत असेल त्याला, मला सांगा. मी तर चार माणसांत नवा सदरा घालायलाही लाजतो.

तरी हे सगळं त्यानं सोसलं असतं. मोडला तो शिळेपायी. तार लागली, ओठ पुढं ढकलला गेला, जिभेला जागा सापडेना, शीळ काही येईना. नुसता वारा. महिन्यागणिक फट मिटत चालली तसा तो वाराही बारीक होत गेला. मेंढरं आपली मान वर करून वाट बघायची, मालक काही म्हणतोय का. एके दिवशी कळप आप्पारावच्या हरभऱ्याच्या दिशेनं निघाला. तात्याबा टेकडीवर. जीभ लावली, वारा. परत लावली, वारा आणि रक्त. ओरडला तर शब्द तोंडातच अडकला. पळत खाली येईपर्यंत दीडशे मेंढरं घाट्यावर आलेल्या हरभऱ्यात.

मेंढरं हाकून काढली, छबुबाईच्या ताब्यात दिली आणि तसाच, पायाला चिखल घेऊन, दवाखान्यात आला. कुणी नव्हतं. पोरगी एकटी बसून कापसाचे बोळे करत होती.

‘काढ,’ म्हणाला. ‘बास झालं. माझी मेंढरं मला वळखंनात.’

समजूत नाही, दोन वर्षांचा हिशेब नाही, काही नाही. उठली, हात धुतले, पक्कड घेतली आणि म्हणाली, ‘बसा आबा. काढते.’ ती वाद घालील म्हणून हा सगळे शब्द जुळवून आला होता, ते शब्द तसेच राहिले. बसला. तोंड उघडलं. तिनं दिवा ओढला, आतल्या जखमा बघितल्या आणि पक्कड हातात धरून थोडा वेळ नुसती उभी राहिली.

तेवढ्यात दारात एक बाई. बबिता नाव, सासर नेकनूरकडचं, माहेरी आली होती. सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी, ओढणी नाकापर्यंत ओढलेली. बाई म्हणाली, बाजारात ऐकलं, एक मेंढरंवाले हायत, त्यांनी तार लावलीय, तो दवाखाना हाच का? ह्या पोरीचे दात पुढं हायत, शाळेत जायला न्हाई म्हणती.

आरोही काही बोलायच्या आत ती मुलगी खुर्चीपाशी आली. तात्याबाच्या तोंडात बघितलं, लांबनं नाही, अगदी वाकून. मग विचारलं,

‘आजोबा, दुखतं का?’

तात्याबाच्या जिभेवर तेव्हा रक्ताची चव होती, तुम्हाला सांगतो. त्यानं त्या मुलीच्या ओढणीकडं बघितलं. ओढणी कुठपर्यंत आणि कशी धरायची असते, ते त्याच्याइतकं त्या खोलीत कुणाला कळणार होतं?

‘थोडं दुखतं,’ म्हणाला. ‘पर झाकण्यापरीस कमी.’

आरोहीनं पक्कड ठेवून दिली. मेणाची नवी डबी काढून बापाच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘आबा, जरा त्या बाकावर बसता का? पेशंट हाय.’

दोन दिवसांनी आप्पाराव स्वतः माळावर आला. हरभऱ्याचं काढणार, हे नक्की. तात्याबा उभा राहिला, चूक माझी म्हणाला, मेंढरांना आवाज गेला न्हाई. आप्पारावनं पायानं एक दगड इकडचा तिकडं केला. हरभऱ्याचं काही बोललाच नाही. म्हणाला, ‘त्या दिवशी मी गमतीनं म्हणलो होतो, तात्याबा.’

‘ठावं हाय मला.’

‘मग मनावर कावून घेतलंस?’

‘मी कुटं घेतलं. पोरीनं घेतलं होतं.’

आप्पारावनं मेंढरांकडं तोंड वळवलं. मग त्यानं हळूच विचारलं, आमच्या विजयसिंहाचं लग्न धरलंय पुढल्या साली, त्याचेही खालचे दात एकावर एक हायत, होतील का तवर? होतील, तात्याबा म्हणाला, पर मटण सोडावं लागंल. आप्पाराव म्हणाला ते तेवढं अवघड हाय. आणि गेला. पोरगा मात्र पुढच्या आठवड्यात आला बरं का, तोंडाला रुमाल बांधून, मागच्या दारानं.

तर दोन वर्षं, वर चार महिने. शिळेच्या जागी तो जीभ टाळूला आपटून टकटक करायला लागला, आणि मेंढरांना त्याची सवय लागली, माणसांना तारेची लागायच्या आधी. फट पुरती बुजली आणि शीळ गेली ती गेलीच. तार निघाल्यावर त्यानं एकदा करून बघितली, एकटाच, टेकडीवर जाऊन. कुणाला बोलला नाही. मला कसं कळलं ते विचारू नका.

तार निघाली त्या दिवशी दवाखान्यात बाकावर सहा माणसं होती. आरोहीनं आरसा दिला. तात्याबा बघतच राहिला. छबुबाई शेजारी, ती त्याच्याकडं बघेना, आरशातल्याकडं बघे. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, ‘हसा बघू एकदा.’ आणि हा हसला. चांगला, मोठ्यानं, सगळे दात दाखवून. बाकावरचे सहाच्या सहा उठून बघायला आले.

आणि तुम्हाला वाटेल संपलं. मलाही वाटलं, त्यालाही वाटलं. पटका नीट करून उठला, तर पोरीनं हातात एक निळी डबी ठेवली. आत दातांच्या मापाचं काचेसारखं टोपण. झोपताना हे लावायचं, म्हणाली, नाहीतर दात परत आपल्या जागी जायला निघतात.

‘बरं,’ तात्याबा म्हणाला. ‘किती दिवस?’

पोरीनं उगाच दिवा इकडचा तिकडं केला. ‘आबा... कायमच.’

‘कायम म्हंजे?’

‘कायम म्हणजे... जन्मभर.’

तात्याबानं डबीकडं बघितलं. पोरीकडं बघितलं. आणि बत्तीसातले उरलेले अठ्ठावीस सरळ दात दाखवत, कुठल्याही ‘श’शिवाय, स्वच्छ सांगितलं,

‘म्हंजे मागची दोन सालं नुसती तालीम होती म्हण की.’