सोनतळ्याचं झाकलेलं उष्टं

मंडळी, बसा. मागचे जरा पुढं सरका. एक विचारतो — पानात अन्न टाकणं मोठं पाप, की टाकलेलं झाकणं? घाई नको! आधी ऐका, मग बोला.

सोनतळे नावाचं गाव. तिथली लेक ऊर्मिला शिकून कृषी विद्यापीठात संशोधक झाली. तीन देशांनी मिळून एक काम हाती घेतलं होतं — आपला देश, आफ्रिकेतला केनिया आणि युरोपातला हॉलंड. काम काय? तर अन्न कुठं वाया जातं ते मोजायचं, आणि ज्याला उपाय सापडेल त्यानं तो बाकीच्यांना द्यायचा. हॉलंडवाले दवाखान्यातल्या ताटांत उरलेलं मोजत होते. केनियात अचिएंग नावाच्या बाई शाळांतलं पोरांचं जेवण बघत होत्या. ऊर्मिला म्हणाली, मी आमच्या सप्ताहातल्या पंगती मोजते. पंगत उठली की पत्रावळीवरचं उष्टं घमेल्यात, घमेलं काट्यावर. सोपं काम!

सोपं? अहो, आपली पंगत आणि सोपं?

तिचे वडील रंगनाथअण्णा म्हणजे गावच्या वाढप्यांचे म्होरके. त्यांचा आग्रह पंचक्रोशीत गाजलेला. माणूस दोन्ही हातांनी पान झाकतोय, आणि अण्णा बोटांच्या फटीतून बुंदी सोडतायत! "माझ्या पंगतीतनं 'पुरे' म्हणून कुणी उठत नाही, 'मेलो' म्हणून उठतो" — हा बाणा. हसताय? तुमच्याकडं काय वेगळं चालतं?

तर अण्णांच्या कानावर गेलं, की परदेशातले लोक आपलं उष्टं बघणार. झालं! पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटल्यावर घर सारवतात ना, तसं अण्णांनी गावच सारवायला घेतलं. वाढप्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "घमेली देवळामागच्या खड्ड्यात रिकामी करा. काट्यावर नावापुरतं जाऊ द्या."

इकडं पोर बघते तर काट्यावर जवळजवळ काहीच नाही. हरखली हो! आपलं गाव! लगेच आकडे पाठवून दिले. अचिएंगबाई व्हिडिओवरच्या बैठकीत म्हणाल्या, "तुमच्याकडं भरभरून वाढतात आणि तरी कुणी टाकत नाही. मग आम्हीही शाळांत तसंच वाढू. पुढच्या आठवड्यापासून सुरू करते."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची गाय आडवी पडली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. गुरांचे डॉक्टर आले, औषध पाजलं, गाय वाचली. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "शिजलेला भात आणि बुंदी ढीगभर खाल्लीय हिनं. एवढी मिळाली कुठं?"

ऊर्मिला गाईच्या खुरांचा माग काढत निघाली. थेट देवळामागं पोचली. खड्ड्याच्या जवळसुद्धा जावं लागलं नाही, वासानंच काय ते कळलं.

घरी येऊन तिनं सरळ विचारलं, "अण्णा, हे तुमचं काम?"

"गावाची अब्रू झाकली. चोरी नाही केली."

"तिकडं शाळेला मोजकं धान्य येतं, अण्णा. आपलं बघून ते ओतून वाढतील. पहिल्या रांगेतली पोरं निम्मं टाकतील आणि शेवटच्या रांगेतली उपाशी उठतील. आपल्या अब्रूपायी."

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला टांगलं. मग म्हणाले, "तू हे जगाला सांगणार?"

"सांगणार."

"सांग. पण मग मी पुन्हा पंगतीत उभा राहणार नाही."

मंडळी, काय झालं असेल त्या पोरीच्या जिवाला? पंगत म्हणजे तिच्या बापाचा प्राण. ती रडली, पोटभर रडली. डोळे पुसले आणि बैठकीला बसली. म्हणाली, "आमचे आकडे खोटे आहेत. आमच्या लोकांनी उष्टं लपवलं. शाळांत काही बदलू नका, मी नव्यानं मोजून देते."

मग अचिएंगबाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात. तपासायला कुणी येणार म्हटलं, की आमच्याकडंही हेच होतं. मीसुद्धा माझ्या शाळा पुन्हा मोजते." बघा! समुद्रापलीकडं गेलात तरी माणूस तोच.

सप्ताहातली काल्याची पंगत तेवढी उरली होती. जेवणं झाली, माणसं उठली. ऊर्मिला काट्यापाशी उभी. वाढपी घमेली धरून उभे, पण पाऊल कुणी उचलेना. सगळ्यांच्या नजरा अण्णांकडं, आणि अण्णा ओट्यावर मान खाली घालून बसलेले. "आणा," ती म्हणाली. कुणी हललं नाही. तीही हलली नाही. दुपार कलायला लागली.

शेवटी अण्णा उठले. सगळ्यात भरलेलं घमेलं स्वतः उचललं, सगळ्या गावासमोरून चालत आले आणि काट्यावर ठेवलं. काटा कुठल्या कुठं गेला. म्हणाले, "मोज, पोरी. आणि त्यांना कळव, सोनतळ्याच्या आग्रहाचं वजन एवढं आहे."

पुढच्या सप्ताहात अण्णा पंगतीत होते बरं का! पण बुंदीची बादली घेऊन आधी विचारायचे, "किती वाढू?" जुनी खोड, विचारताना जीभ अडखळायची. तरी विचारायचे.

आता द्या माझ्या प्रश्नाचं उत्तर. टाकलेलं दिसलं तर उद्या कमी करता येतं. झाकलेलं कमी कसं करणार, बाबा? तुमच्या घरी फ्रीजमध्ये मागं सरकवलेली वाटी आहे ना, तिच्याबद्दलच बोलतोय मी!

आज इथंही महाप्रसाद आहे. मी वाढप्यांना सांगून ठेवलंय, उष्ट्याचं घमेलं मंडपाच्या दारात, सगळ्यांदेखत राहील. हवं तेवढं मागून घ्या, नको त्याला नको म्हणा. तरी पानात राहिलंच, तर पत्रावळीची घडी घालून लपवू नका. स्वतःच्या हातानं दारापर्यंत न्या आणि किती आहे ते बघून टाका. चला, विठुरायाचं नाव घ्या आणि हात धुऊन पंगतीला बसा.