सिंदूर लावलेली बल्ली

बंगाली सन तेराशे शहाण्णव, वैशाखाचा चौथा दिवस, तळ्याचं पाणी तळाला गेलेलं, वायव्येला काळा ढग फुगत चाललेला, आणि नेमकं तेव्हाच माझ्या हातून... अहो, चाळीस वर्षं हेच केलं मी! तुम्हाला सांगतो, कलकत्त्यात सिमेंटचे खांब जमिनीत उतरवले, गोदीत पोलादी पत्रे एकात एक अडकवून ठोकले, खाडीला बांबू, तळ्याच्या काठाला शालाच्या लाकडाच्या बल्ल्या. एक वाकडी दाखवा! पण ठोकल्या. बल्ली ठोकायची असते, उपटायची नसते!

तळं एकच. या काठाला माझं स्वयंपाकघर, समोर निबारण माइतीचं घर. त्याचा काठ बांधायचं काम माझ्याकडे, बल्ल्या त्याच्या घाटावर रचलेल्या. माझ्या काठाची शेवटची एक बल्ली राहिली होती, ती नेमकी फुटली. बायको चुलीपुढून ओरडतेय, "सगळ्या मुलखाचे काठ धरता, माझी चूल बुडाल्यावर येणार का?" काय करणार? निबारणला म्हटलं, "एक बल्ली दे, उद्या परत देतो." तो म्हणाला, "घ्या की गुरुदा, विचारता काय!" वरचीच उचलली, वादळाच्या आत ठोकली, मागे डांबराच्या पिंपाचा सपाट केलेला पत्रा लावला. संपलं.

संपलं कुठलं! सकाळी निबारणची आई काठी टेकत दारात. "गुरुपद, माझी लक्ष्मी कुठाय रे?"

कसली लक्ष्मी? तर पहिल्या बल्लीला घरच्या बाईनं सिंदूर लावायचा, शंख फुंकायचा आणि तीच आधी ठोकायची. ही रीत मीच लोकांना सांगत आलो, मीच! आणि मी उचललेल्या बल्लीचा सिंदूर नेमका खालच्या अंगाला, दिसलाच नाही...

"मासिमा, नवी देतो. हिच्याहून जाड."

"जाड? तुझ्या डोक्याइतकी? माझी लक्ष्मी आपल्या चुलीमागे चिखलात गाडलीस! ती मिळेपर्यंत माझ्या काठाला काडी टोचू देणार नाही."

निबारण आभाळाकडे बघतोय. अरे, बोल की! "मी काय बोलू गुरुदा, आई आहे."

म्हणजे बल्ली ठेवली तर पुढच्या वादळात त्यांचं घर तळ्यात, काढली तर माझी चूल तळ्यात. पण परत देतो म्हणालो होतो ना? शब्द माझा होता. पण बल्ली ठोकायची असते हो, उपटायची नसते!

तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, कप्पी लावली, बल्लीला साखळी गुंडाळली, आठ गडी दोराला. आता ठोकताना काय होतं, मी गाण्याची ओळ म्हणतो, गडी दोर ओढून वजन वर नेतात, "हेंइयो" म्हणतात आणि दोर सोडतात. धाड! जन्मभर हेच केलेलं. ओढा म्हटलं. ओढली. हातभर वर आली! आठही जण म्हणाले, "हेंइयो!" आणि दोर सोडला. धप्प! बल्ली जागच्या जागी.

"सोडू नका रे, गाढवांनो!"

"नाही सोडत, सरदार."

हेंइयो... धप्प! तिसऱ्यांदा तर हेंइयो मीच म्हणालो! वर काढायचं गाणंच नाही आमच्यात, असेल कशाला? पलीकडून म्हातारी मोजतेय, "पाच झाले रे!" इकडे बायको एकेक भांडं बाहेर आणून ठेवतेय. पाटा-वरवंटासुद्धा!

शेवटी आठही जणांच्या तोंडात मुरमुऱ्यांचा बकाणा भरला. म्हणा आता हेंइयो! कोणी म्हणालं नाही. कोणी दोर सोडला नाही. आणि आली हो, सोळा फूट, चिखलानं माखलेली, गपचूप वर आली! सिंदूर जसाच्या तसा!

मी नवी बल्ली खांद्यावर घेऊन भोकापाशी तयार होतो. पण भोक होतं कुठे? शेजारच्या दोन बल्ल्या कलल्या, पत्रा विड्याच्या पानासारखा वळला आणि काठच चालू पडला. आधी माती, मग चूल, मग भिंत. खांद्यावर बल्ली, आणि ती ठोकायला जमीन नाही... असा उभा राहिलाय कधी कोणी?

मग काय. म्हातारीची बल्ली धुतली, पलीकडे नेली. शंख वाजला. ओळंब्यात ठोकली. म्हातारीनं बल्लीवरून हात फिरवला, समोर जिथं माझं स्वयंपाकघर होतं तिकडे बघितलं.

उसनी बल्ली फिटली.