सरांच्या नावाचा जीन

रक्ततपासणीच्या खोलीत बाळ एकदाचं मांडीवर झोपलं आणि आईचे कान मोकळे झाले. शेजारच्या बाकावर एक प्राध्यापक आणि त्यांची संशोधक विद्यार्थिनी दबक्या आवाजात भांडत होते.

“सर, तुम्ही शोधलेला तो जीन मी काढून टाकला, तरी आपले जिवाणू तेल पचवणारं एन्झाइम तयार करतातच आहेत. तेलाचा डाग चाटूनपुसून खातात.”

“नीट काढला नसशील.”

“पुन्हा पुन्हा तपासलं, सर. ते काम दुसराच कुठला तरी जीन करतोय.”

“अगं, त्या जीनला माझं नाव दिलंय मी! आणि त्यावरचा पेपर उद्या छापायला जायचाय.”

“म्हणून तर धावत इथवर आले. माझा प्रबंधही त्यावरच आहे. खोटं कसं लिहू?”

“खोटं लिही म्हणतंय कोण? जीन काढलेल्या जिवाणूंची ती नळी तेवढी वगळ.”

“पण सर, तुलनेची नळीच नसेल, तर सिद्ध काय होणार?”

“तुझी पदवी.”

तेवढ्यात खिडकीतून तपासनीस बाईंनी हाक मारली.

“सर, तुमचा रिपोर्ट. साखर बरीच वाढलीय हो.”

“शक्यच नाही! मशीन बिघडलंय तुमचं. साखर आधीच ठाऊक असलेला एखादा नमुना तुलनेला लावता की नाही?”

“रोज लावतो. आजही अगदी बरोबर आलाय.”

सरांनी रिपोर्ट घडी करून खिशात कोंबला.

“सर,” विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “तो नमुना वगळायला सांगू का बाईंना?”