गळ्यातच होतं

— नाही, नाही, हलू नका ताई, टाचणी टोचेल. स्टुलावर सरळ उभ्या राहा, समोर बघा. हां. आत्ता खांद्यावर टॉवेल टाकून शीळ घालत गेला तो? तो माझा नवरा. हसा, हसा, सगळेच हसतात. तलावावर पोहायला शिकवतात ते. पन्नाशी उलटली, पण जिना असा चढतात की खालचे भाडेकरू तक्रार करतात. पण दोन वर्षांपूर्वी आल्या असतात ना, तर हा माणूस तुम्हाला दिसलाच नसता — म्हणजे होते, घरातच होते, खुर्चीत. खुर्ची कुठे संपते आणि हे कुठे सुरू होतात, कळायचं नाही.

सुरुवात कशी झाली? एक दिवस म्हणाले, पाणी थंड लागतं. पोहणारा माणूस! माशाने म्हणावं तसं. मग भर उन्हाळ्यात स्वेटर. मग कामावर जाणं बंद. झोप, झोप आणि झोप — उठले की थकलेले. माझे दीर म्हणाले, आळस. माझी आई म्हणाली, जावईबापू पहिल्यापासूनच थंड! शेवटी मी मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, म्हटलं लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. ते म्हणाले, नैराश्य. खोटं नव्हतं हो ते, भिंतीकडे तोंड करून रडायचे ना. गोळ्या सुरू झाल्या, फरकही पडला — म्हणजे रडणं थांबलं, पण हसणं काही सुरू झालं नाही. अशी सात-आठ वर्षं. जरा वळा. डावीकडे. बास.

आणि सापडलं कुठे, सांगा? दातांच्या डॉक्टरकडे! दाढ ठणकत होती म्हणून नेलं. ती पोरगी, नुकती शिकून आलेली, म्हणाली, काका, जीभ बाहेर काढा. बघते तर जीभ सुजलेली, कडेला दातांचे ठसे. आवाज असाच घोगरा असतो का? थंडी वाजते का? आणि मग म्हणाली, थायरॉइडची तपासणी करून घ्या. मी म्हटलं, अगं, ते तर बायकांचं दुखणं! तर म्हणाली, मावशी, गळा पुरुषांनाही असतो. आता बोला! काखेत कळसा म्हणतात, आमच्याकडे तर गळ्यातच होता. आकडा इतका वर गेलेला की लॅबवाल्यांनी पुन्हा रक्त मागितलं.

मनाच्या डॉक्टरांना दाखवला रिपोर्ट. म्हणाले, हे मी आधी तपासायला हवं होतं. सरळ म्हणाले, माझ्या तोंडावर. मी भांडायचं ठरवून गेले होते हो, पदर खोचून — पण समोरच्याने चूक कबूल केली की भांडणार कसं? आपल्या त्या गोळ्या बंद करू नका, म्हणाले, हळूहळू बघू. थायरॉइडमुळे मन खचतं, पण खचलेलं मन नुसत्या थायरॉइडच्या गोळीने उठेलच असं नाही. मग सकाळी उपाशीपोटी ती एक बारीकशी गोळी, चहा नंतर. जादू झाली? छे! महिना गेला, काही नाही. मग एक दिवस खुर्चीतून म्हणाले, अगं, नळ गळतोय. ताई, तो नळ वर्षभर गळत होता! मी आत गेले आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडले. बाहेर आले तर हे पाना शोधत होते.

आता सगळीकडे नाक खुपसतात. भाजी अशी चिर, पडदा तसा लाव. लेकीने मात्र सोडलं नाही त्यांना. सतरा वर्षांची आहे, तोंड तिखट. म्हणाली, बाबा, मी मोठी होत होते तेव्हा तुम्ही कुठे होता? तर म्हणाले, खुर्चीत होतो. सगळं दिसत होतं बाळा, पोहोचता येत नव्हतं. दारं आपटली, ओरडली, जेवली नाही — आणि चौथ्या दिवशी गेली त्यांच्याबरोबर तलावावर. आता पाण्यातून बाहेर निघत नाही. तिचं बरं आहे, भांडून मोकळी झाली.

मी? मी कशाला भांडू? कोणाशी? ते आजारी होते. डॉक्टरांनी माफी मागितली. राग काढायला माणूसच उरला नाही बघा! नाही, तसं छान चाललंय. रोज संध्याकाळी मी दुकान बंद करून घरी गेले की हे समोर बसतात, गुडघ्याला गुडघा लावून, आणि विचारतात, बोल, आज काय काय झालं? इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघितली, ताई. भिंतीला सांगायचे, मशीनला सांगायचे. आणि आता ते विचारतात, तर मी म्हणते —

काही नाही. म्हणते, काही नाही, रोजचंच. आणि उठून जाते. ते बसून राहतात. पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारतात. चिडत नाहीत, काही नाही, विचारतातच.

काय? … तुम्हाला कसं सांगितलं एवढं?

…

उतरा ताई. सावकाश. शुक्रवारी या, तयार असेल.