काकूचे चार सेकंद

जमलेल्या मायबहिणींनो, काका-मामांनो, आणि वैशालीताई,

मले माईकचं भेव कधी वाटलं नाही. पांढुर्ण्याच्या चौकात पोट्ट्यांच्या गर्दीसमोर रॅप म्हटलं आहे मी. आज काकूच्या शोकसभेत मात्र वाटून राहिलं. सांभाळून घ्या.

शांताकाकूले तुम्ही सगळे ओळखता. आपल्या रामाकोन्यात भुलाबाईची गाणी सुरू झाली की पहिला आवाज तिचा. सौंसरच्या शेडमध्ये ती संत्री निवडायची, मी क्रेट उचलायचो. त्याच्याआधी मी नागपूरले मोबाईलच्या दुकानात होतो, त्याच्याआधी इटारसीकडे एका ढाब्यावर. तिथला मालक तर असा की... ते जाऊ द्या. माझे पाय एका जागी टिकत नाहीत, बोलणंही टिकत नाही.

एका दुपारी काकू संत्री निवडता निवडता गात होती. मी गुपचूप रेकॉर्ड केलं. आम्ही रॅपवाले असंच करतो. कोणाची कव्वाली, कोणाचं भजन, कोणाचं हळदीचं गाणं, त्यातला एक तुकडा कापायचा, तोच तोच फिरवायचा आणि त्याच्यावर आपलं बोलायचं. काकूचे मी चार सेकंद कापले. ती सूर लांबवते ना, तेवढेच.

मग तिले सांगितलं. ती म्हणाली, "काऊन रे पोट्ट्या, मले इचारलं होतं काय?"

"चारच सेकंद घेतले, काकू."

"चार का असंना, गळा तर माहाच हाये ना! आन् बाकीचं गाणं कुठी ठेवलं?"

"फोन भरला होता. मिटवलं."

ती हसली. "मिटवलं म्हणे! अरे, घरी ये. पुरं गातो तुह्यासाठी."

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. गेलोच नाही.

त्या दिवशी शेडमधून निघताना तिनं एकच गोष्ट विचारली. "त्याच्यात शिवी-गिवी तर नाही ना रे? लेकीबाळींचं गाणं हाये ते."

मी म्हटलं, "नाही, काकू."

होती. शिवी होती.

आईवरून शिवी होती. आणि तिच्या खालून काकूचा सूर चालूच होता. मित्र म्हणाले, काय जमलं यार! मलेही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा तसंच वाटलं.

काकूजवळ बटनाचा फोन. तिनं ते गाणं कधी लावलं नाही. पण सांगितलं सगळ्यांले. शेडमध्ये, देवळात, बसमध्ये. "माहं गाणं मोबाईलमधी आलं." तुमच्यातल्या कितीजणींले सांगितलं असेल!

मग एक वरात तिच्या दारावरून गेली. डीजेवर माझंच गाणं. मी वरातीत नाचून राहिलो होतो, काकू ओट्यावर बसली होती. माझे पाय जागीच थांबले. आवाज एवढा होता, तिले शब्द समजले का नाही, मले माहीत नाही. त्यानंतर तिनं त्या गाण्याचा विषयच काढला नाही. एकदाही नाही. ऐकलं असेल का तिनं? हेच भेव घेऊन मी फिरून राहिलो आहे.

आणि काल वैशालीताईंचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, आईच्या आवाजाचं आमच्याजवळ काहीच नाही. तुझं ते गाणं सभेत लाव ना. एकदा तिले ऐकू."

ताई, मी हो म्हटलं. शिवी काढून, नीट करून आणणार होतो. बसलोही कापायले. पण आधीच एका अख्ख्या गाण्याचे चार सेकंद उरले माझ्या हातून. पुन्हा कापायची हिंमत झाली नाही. काकूले खोटं बोललो, तुम्हाले बोलायचं नाही.

गाणं या फोनमध्ये आहे. जसं आहे तसं. सुरुवातीले काकू आहे, मग मी आहे, मग ती शिवी आहे. हा फोन मी तुमच्या हातात देतो.

आता सगळ्यांनी उभं राहावं, ही विनंती. दोन मिनिटं कोणी बोलू नका. त्या दोन मिनिटांत ताई ठरवतील, लावायचं का नाही.

लावलं तर मी इथंच उभा आहे. पळणार नाही.

काकू, पाया पडतो.